वहीतल्या विहिरी: इंदूरच्या भूजलाचा डेटा खुला करताना

कोरडी विहीर म्हणजे शून्य नव्हे. पाणीपातळीच्या तक्त्यात शून्याचा अर्थ पाणी थेट जमिनीच्या पातळीला आलेले, विहीर काठोकाठ भरलेली. मे महिन्यात सांवेरकडच्या एखाद्या विहिरीचा तळ दिसतो, मोजणारा वहीत ‘०’ लिहून पुढच्या गावाला निघतो. तो आकडा टंकला जातो, सरासरीत मिसळतो आणि उन्हाळ्यातली सगळ्यात हलाखीची विहीर कागदावर सगळ्यात भरलेली ठरते. इंदूर जिल्ह्यातल्या विहिरींच्या ज्या नोंदी आमच्या गटाकडे होत्या त्या सर्वांसाठी खुल्या करायचे ठरले, तेव्हा कामाचा मोठा हिस्सा अशा नोंदी हुडकण्यातच गेला. फाइल संकेतस्थळावर चढवणे हे त्यातले सगळ्यात सोपे काम.

नोंदी कसल्या, ते आधी सांगितले पाहिजे. राऊ, महू, सांवेर, देपालपूर, खुडेल या भागांतल्या उघड्या विहिरी आणि थोडे बोअर. वर्षातून दोन फेऱ्या: पावसाळ्याआधी मे महिन्यात, पावसाळ्यानंतर नोव्हेंबरात. प्रत्येक वेळी पाण्याची पातळी, विद्युतवाहकता (विरघळलेल्या क्षारांची खूण) आणि नायट्रेट. माळव्याच्या पठारावर वर काळी माती आणि खाली दख्खनचा बेसाल्ट. पाणी असते ते खडकाच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत, त्यामुळे शेजारशेजारच्या दोन विहिरी वेगवेगळ्या वागतात. तालुक्याची सरासरी इथे फारसे काही सांगत नाही. एकेका विहिरीची वर्षानुवर्षांची ओळ सांगते. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरी वर्षातून चार वेळा मोजते. त्या विहिरींच्या मधल्या जागा अशा स्थानिक नोंदींनीच भरून निघतात, आणि त्या कपाटात पडून राहिल्या तर कोणाच्याच कामाच्या नाहीत.

शोधनिबंधाच्या शेवटी ‘मागणी केल्यास डेटा देण्यात येईल’ असे लिहायची पद्धत आहे. त्या वाक्यावर आमचा विश्वास नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दोन ते बावीस वर्षे जुन्या ५१६ शोधनिबंधांचा मूळ डेटा मागून पाहिला गेला. निबंध जितका जुना तितका डेटा सापडणे कठीण, आणि हा संभव दर वर्षागणिक १७ टक्क्यांनी घटत होता. ईमेलचे पत्ते बंद पडतात, हार्ड डिस्क जातात, विद्यार्थी नोकरीला लागतात. म्हणून आम्ही एकच कसोटी धरली: ज्याने आम्हाला कधी पाहिलेले नाही अशा माणसाला, आम्हाला फोन न करता, प्रत्येक आकड्याचा अर्थ कळला पाहिजे.

पहिली पायरी मूळ नोंद जपण्याची. वह्यांच्या पानांची छायाचित्रे आणि जशाच्या तशा टंकलेल्या फाइली एका फोल्डरमध्ये ठेवून ते फोल्डर फक्त वाचनासाठी खुले ठेवले. त्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक प्रत इमारतीबाहेर. यापुढे मूळ फाइलीतल्या तक्त्याच्या एकाही घराला (सेलला) हात लावायचा नाही. दुरुस्ती करायची ती स्क्रिप्टमधून, म्हणजे संगणकासाठी लिहिलेल्या आज्ञांच्या फाइलीतून. अमुक विहीर, अमुक फेरी, जुना आकडा, नवा आकडा, कारण, अशी एक ओळ दर दुरुस्तीला. एक्सेलमध्ये थेट आकडा बदलला की दोन महिन्यांनी तो का बदलला हे बदलणाऱ्यालाही आठवत नाही. वह्यांची छायाचित्रे मात्र खुल्या संचात गेली नाहीत, कारण समासात विहीरमालकांची नावे आणि मोबाइल नंबर होते.

मग तारखा. आमच्या संचातली सगळ्यात घातक गडबड इथेच होती. ०५/११/२०२२ ही इकडच्या सवयीने ५ नोव्हेंबर. अमेरिकी पद्धतीवर ठेवलेल्या संगणकात तीच ११ मे होते. आणि मे व नोव्हेंबर हेच आमच्या फेऱ्यांचे महिने! त्यामुळे चुकीची तारीखसुद्धा अगदी रास्त दिसते. पावसाळ्यानंतरची भरलेली विहीर उन्हाळ्यात जाऊन बसते आणि कोणाला शंकाही येत नाही. ओळखण्याची एक खूण आहे. दिवस बारापेक्षा मोठा असेल तर एक्सेलला त्याची तारीख करता येत नाही, तो मजकूर म्हणून राहतो आणि घराच्या डाव्या कडेला चिकटतो. बारापर्यंतचे दिवस तारीख बनून उजवीकडे सरकतात. एकाच स्तंभात काही डावीकडे, काही उजवीकडे दिसले की समजायचे, उजवीकडच्या सगळ्या तारखा संशयित. त्या वहीच्या छायाचित्राशी एकेक करून ताडल्या. जुन्या मॅकवर बनलेल्या फाइलींत आणखी एक भानगड सापडते: त्यांची तारखांची मोजणी १९०४ पासून सुरू होते, इतरत्र १९०० पासून, आणि नकल-चिकट करताना सगळ्या तारखा १४६२ दिवसांनी सरकतात. खुल्या फाइलीत तारीख एकाच साच्यात ठेवली, आधी वर्ष, मग महिना, मग दिवस: २०२२-११-०५. शिवाय फेरीचा स्वतंत्र स्तंभ, ‘पावसाळ्याआधी’ किंवा ‘पावसाळ्यानंतर’, म्हणजे तारीख बिघडली तर फेरी साक्ष देते. एक्सेल स्वतःहून तारखा बनवते हे दुखणे आमचेच नाही. त्याच कारणाने २०२० मध्ये मानवी जनुकांच्या नामकरण समितीने काही जनुकांची नावेच बदलली.

आता देवनागरीचा भाग, ज्याबद्दल इंग्रजी मार्गदर्शिकांत काहीच सापडत नाही. आमच्या वह्या मराठीत, गावकऱ्यांशी बोलणे माळवी-हिंदीत, सरकारी याद्या हिंदीत. कोणी आकडे देवनागरीत टंकले, कोणी इंग्रजीत. पडद्यावर दोन्ही छान वाचता येतात. पण आर या संगणकभाषेत ‘२.४’ हा देवनागरी मजकूर संख्येत बदलायला सांगितला तर रिकामी जागा हाती येते. पायथन या दुसऱ्या संगणकभाषेत तोच मजकूर निमूटपणे २.४ ही संख्या होतो. एकाच फाइलीवरून दोन माणसांची दोन उत्तरे येतात आणि दोघांचाही हिशेब बरोबर असतो. म्हणून मोजमापाच्या स्तंभांत फक्त इंग्रजी आकडे, देवनागरी फक्त नावांसाठी.

नावांचीही तीच गत. मराठी हात ‘देपालपूर’ लिहितो, हिंदी हात ‘देपालपुर’. ‘सांवेर’ कुठे अनुस्वारासह, कुठे विना. ‘बड़गोंदा’ मधला नुक्त्याचा (खाली टिंब असलेला) ड एकाच चिन्हाने टंकता येतो किंवा ड आणि नुक्ता अशा दोन चिन्हांनी. डोळ्याला फरक दिसत नाही, संगणकाला ती दोन गावे वाटतात. ‘ऱ्या’ चेही असेच, तोही दोन वेगळ्या रीतींनी साठवला जातो. नुक्त्याचा प्रश्न युनिकोडच्या (संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाण संकेताच्या) प्रमाणीकरणाने, म्हणजे समान रूपे एकाच रूपात आणून, सुटतो, स्क्रिप्टची एक ओळ पुरते. ‘ऱ्या’ त्याने सुटत नाही, कारण युनिकोड त्या दोन रूपांना समान मानत नाही. ती बदली हाताने लिहावी लागते. पण खरा उपाय असा, की गाव ओळखायचे नावाने नव्हे, क्रमांकाने. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला सहा आकडी संकेतांक आहे, तोच आम्ही किल्ली म्हणून वापरला. नाव शेजारच्या स्तंभात, वाचणाऱ्याच्या सोयीसाठी. विहिरींनाही आमचा स्वतःचा क्रमांक दिला. एकदा दिलेला क्रमांक विहीर बुजली तरी दुसरीला द्यायचा नाही.

देवनागरी असलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी स्तंभ वेगळे केलेली साधी मजकूर) फाइल एक्सेलमध्ये दोनदा क्लिक करून उघडली तर बऱ्याचदा अक्षरांचा चिवडा दिसतो. फाइल बिघडलेली नसते, एक्सेलने तिचे संकेतन, म्हणजे अक्षरे साठवायची रीत, चुकीचे धरलेले असते. डेटा टॅबमधून मजकूर-फाइल आयात करायची आणि संकेतन यूटीएफ-८ निवडायचे, की अक्षरे नीट येतात. काहीजण यासाठी फाइलीच्या सुरुवातीला बीओएम नावाचे अदृश्य चिन्ह घालतात. त्याने एक्सेल खूश होते, पण इतर प्रणालींत ते चिन्ह पहिल्या स्तंभाच्या नावाला चिकटते आणि तो स्तंभ नावाने सापडतच नाही. आम्ही चिन्ह न घालता फाइल ठेवली आणि उघडायची रीत रीडमी या सोबतच्या माहितीच्या फाइलीत लिहिली.

पातळीच्या आकड्यामागे तीन प्रश्न असतात. टेप कुठून सोडला? बहुतेक उघड्या विहिरींना कठडा असतो आणि माणूस साहजिकच कठड्याच्या वरच्या कडेवरून टेप सोडतो. टेपवर ६.४० मीटर आले आणि कठडा ०.७५ मीटर असेल तर जमिनीपासूनची खोली ५.६५ मीटर. वहीत एखाद्या वर्षी कठडा वजा केलेला, एखाद्या वर्षी नाही, असे असेल तर विहीर पाऊण मीटरने वरखाली झाल्याचा भास होतो. खुल्या फाइलीत तिन्ही आकडे वेगवेगळ्या स्तंभांत दिले: टेपचे वाचन, कठड्याची उंची, जमिनीपासूनची खोली. तिसरा आकडा स्क्रिप्ट काढते. मध्येच मालकाने कठडा वाढवून बांधला असेल तर त्या फेरीपासून उंची बदलते, म्हणून कठड्याची उंची विहिरीच्या यादीत न ठेवता दर फेरीच्या ओळीत ठेवली.

दुसरा प्रश्न, मोटर चालू होती का? चालू पंपाने पाणी खाली ओढलेले असते, ती विहिरीची निवांत पातळी नव्हे. नोव्हेंबरात गव्हाची तयारी सुरू असताना बंद मोटर सापडणे कठीण, म्हणून आकडा टाकून न देता शेजारी ‘मोटर चालू’, ‘बंद’ किंवा ‘नोंद नाही’ असे लिहिले. ‘नोंद नाही’ आणि ‘बंद’ या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे फार महत्त्वाचे आहे. जुन्या वह्यांत मोटरचा रकानाच नव्हता. तिथे ‘बंद’ भरले असते तर आपल्याला ठाऊक नसलेली गोष्ट ठाऊक असल्याचा दावा झाला असता.

तिसरा प्रश्न कोरड्या विहिरीचा. पातळीचे घर रिकामे, स्थितीच्या स्तंभात ‘कोरडी’, आणि विहिरीची एकूण खोली वेगळ्या स्तंभात. खोली का? कोरड्या विहिरी नुसत्या वगळल्या तर ज्या वर्षी दुष्काळ जास्त त्या वर्षी सगळ्यात वाईट विहिरी हिशेबातून गळतात आणि सरासरी सुधारलेली दिसते. एकूण खोली दिलेली असेल तर वापरणाऱ्याला निदान एवढे कळते की पाणी त्याहून खाली होते. रिकाम्या जागी −९९९ भरायची जुनी पद्धत आम्ही ठेवली नाही; कोणीतरी ती सरासरीत घेतोच.

नायट्रेटच्या आकड्याबरोबर तो कशाच्या रूपात मोजला हे लिहिलेले नसेल तर तो आकडा निरुपयोगी आहे. प्रयोगशाळा कधी ‘नायट्रेट’ म्हणून देतात, कधी ‘नायट्रेटमधला नायट्रोजन’ म्हणून, आणि एकक दोन्हीकडे मिलिग्रॅम प्रति लिटर. दोहोंत ४.४३ पटींचा फरक. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा ४५. कागदावर २० आहे: नायट्रेट असेल तर मर्यादेच्या निम्म्याहूनही कमी, नायट्रोजन असेल तर नायट्रेट ८८.६, म्हणजे जवळजवळ दुप्पट. आम्ही स्तंभाच्या नावातच रूप आणि एकक दोन्ही घातले आणि सगळे आकडे नायट्रेटमध्ये आणले. मूळ अहवालात काय होते ते वेगळ्या स्तंभात. उपकरणाला पकडता येणार नाही इतके कमी असेल तिथेही शून्य लिहिले नाही. मर्यादेचा आकडा आणि शेजारी ‘याहून कमी’ अशी खूण. नमुना ४ अंशांवर ठेवला होता का आणि ४८ तासांत तपासला का, याचाही स्तंभ आहे, कारण उन्हात गाडीत राहिलेल्या बाटलीत जिवाणू नायट्रेट बदलून टाकतात.

वाहकतेत चूक पकडणे त्या मानाने सोपे. मीटर आपोआप मायक्रोसीमेन्सवरून मिलिसीमेन्सवर उडी मारतो आणि ९८० च्या खाली १.२ लिहिलेले दिसते. हजारपटींची उडी लपत नाही. टीडीएसचे (विरघळलेल्या एकूण क्षारांचे) आकडे मात्र आम्ही मुद्दाम दिले नाहीत. साधा मीटर टीडीएस मोजत नाहीच, वाहकतेला ०.५ ते ०.७ मधल्या कुठल्यातरी गुणकाने गुणतो, आणि तो गुणक कोणता हे वहीत कोणी लिहीत नाही. २५ अंशांवरची वाहकता आणि १४१३ मायक्रोसीमेन्सच्या प्रमाण द्रावणावर त्या दिवशी मीटरने काय दाखवले, ही अंशांकनाची फाइल एवढे दिले की पुढचे ज्याचे त्याने काढावे.

जागेचे निर्देशांक तपासायला नकाशावर सगळे ठिपके टाकून पाहणे पुरते. अक्षांश-रेखांश उलट झाले की इंदूरची विहीर नॉर्वेच्या उत्तरेला बॅरेंट्स समुद्रात जाते. त्याहून फसवी चूक अंश-मिनिटांची: २२ अंश ४३ मिनिटे हे कोणी २२.४३ लिहिले तर विहीर सुमारे ३२ किलोमीटर दक्षिणेला सरकते आणि तिथेही जमीनच असते. बरोबर आकडा २२.७१७.

पण अचूक निर्देशांक खुले करायचे का? विहीर खासगी असते. तिथले नायट्रेट मर्यादेबाहेर असल्याचे जगजाहीर झाले तर मालकाला जमीन विकताना किंवा भाडेकरू ठेवताना त्रास होऊ शकतो. आम्ही खुल्या फाइलीत निर्देशांक दोन दशांश स्थळांवर आणले, म्हणजे साधारण एक किलोमीटरचा चौकोन उरतो. नावे, नंबर आणि ‘मंदिरामागची विहीर’ छापाचा शेरा पूर्ण काढला. असल्या शेऱ्यावरून गावात कोणालाही विहीर ओळखता येते. अचूक निर्देशांकांची फाइल वेगळी, मर्यादित प्रवेशाची, आणि मागणीला उत्तर देणारा पत्ता एका व्यक्तीचा नव्हे, विभागाचा.

संमतीचे काम याही आधी झाले. जुन्या अर्जांवर ‘माहिती फक्त आमच्या संशोधनासाठी वापरली जाईल’ असे वाक्य होते आणि त्या वाक्याखाली घेतलेला डेटा खुला करता येत नाही. नवा अर्ज सोप्या हिंदीत, माळवीत समजावून सांगायचा: काय प्रसिद्ध होणार, काय होणार नाही, नाही म्हटले तर काहीच बिघडत नाही. ज्यांनी नकार दिला किंवा जे भेटले नाहीत त्यांच्या विहिरी खुल्या संचात नाहीत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी हे असेच करायला हवे होते. आणि प्रसिद्धीच्या आधी प्रत्येक मालकाला त्याच्या विहिरीचा निकाल घरी जाऊन दिला. नायट्रेट जास्त असेल तर पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटून थोडे वाढते, आणि तान्ह्या बाळाच्या दुधात ते पाणी वापरू नये, हे तिथेच सांगितले.

रीडमी फाइल लिहिण्यात कंजुषी करू नये. संच कशाचा, कोणी, कुठे, केव्हा, कोणत्या उपकरणाने, प्रत्येक फाइलीत काय, प्रत्येक स्तंभाचा अर्थ, एकक, चालणारी मूल्ये, रिकाम्या घराचा अर्थ, माहीत असलेल्या उणिवा. साधा मजकूर, वर्ड फाइल नव्हे. नायट्रेट २२० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात मोजून २७५ च्या वाचनाने सेंद्रिय पदार्थांची वजावट केली, हेही त्यात. या शहराला अशा लेखनाची परंपरा आहे: अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी इथल्या कंपोस्टची कृती १९३१ मध्ये मापांसकट लिहून ठेवली, आणि दूरदूरच्या मळ्यांवर ‘इंदूर पद्धत’ करून पाहता आली ती त्या तपशिलामुळे.

परवान्यासाठी सीसी बाय ४.० घेतला: श्रेय द्या आणि काहीही करा. ‘व्यापारी वापर नको’ असे कलम घालायचा मोह होतो. ते घातले की बोअर खोदणारा, सल्लागार, वर्तमानपत्र, सगळेच बिचकतात आणि ज्यांना डेटा उपयोगी पडला असता तेच मागे हटतात. हवामान खात्याचा पाऊस आम्ही विश्लेषणात वापरला, संचात ठेवला नाही. तो वाटायचा हक्क आमचा नाही. कुठून आणि कधी उतरवला, एवढे लिहिले.

संच झेनोडो या खुल्या डेटाच्या संकेतस्थळावर ठेवला. ते सर्न ही युरोपीय संशोधन संस्था चालवते, शुल्क नाही, एका नोंदीत ५० जीबी आणि १०० फाइलींपर्यंत जागा. आधी त्यांच्या सराव-संकेतस्थळावर पूर्ण नोंद भरून पाहावी, तिथले काही कायम राहत नाही. खऱ्या नोंदीत डीओआय (संचाचा ओळख-क्रमांक) आधी राखून घेता येतो. तो रीडमीमध्ये लिहून मगच फाइली चढवायच्या. लेखकांचे ऑर्किड क्रमांक (संशोधकांचे ओळख-क्रमांक), शोधशब्द इंग्रजी आणि मराठी दोन्हींत. प्रत्येक फाइलीचा शा-२५६ ठसा (फाइल जराही बदलली की बदलणारा संकेत) वेगळ्या फाइलीत दिला, म्हणजे उतरवून घेणाऱ्याला फाइल वाटेत तुटली नाही ना ते तपासता येते. ‘प्रकाशित करा’ दाबल्यावर वर्णन बदलता येते, फाइली बदलायच्या तर नवी आवृत्ती काढावी लागते. म्हणून दाबण्याआधी संच विभागाबाहेरच्या एकाला दिला, एक शब्दही न समजावता, आणि एका विहिरीचा पाच फेऱ्यांचा आलेख काढायला सांगितले. त्याला जिथे जिथे विचारावेसे वाटले तिथे रीडमी अपुरी होती. खोलीचा अक्ष उलटा घ्यायचा असतो, आकडा वाढला म्हणजे पाणी खाली गेले, हे वाक्य त्यातूनच रीडमीत आले.

नवी फेरी जोडली की नवी आवृत्ती निघते. प्रत्येक आवृत्तीला वेगळा डीओआय असतो आणि सगळ्यांना मिळून एक कायमचा. निबंधात हिशेब ज्या आवृत्तीवर केला तिचाच डीओआय द्यावा, मिळून असलेला देऊ नये, नाहीतर दोन वर्षांनी आकडे जुळत नाहीत. चूक कोणी कळवली तर ती बदलांच्या फाइलीत तारखेसह जाते, कळवणाऱ्याची हरकत नसेल तर त्याच्या नावासह. जुनी आवृत्ती जागेवरच राहते.